गळ्याशी थांबलेलं गाणं

बोरजळला पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला तळ्यावर नेतात. तळं काही फार मोठं नाही. तीन बाजूंनी टेकड्या, चौथ्या बाजूला दगडी बांध, आणि बांधाच्या पोटातून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांवर उभं राहिलं, की समोर पल्याडच्या काठावर एक काळा सपाट खडक दिसतो, आणि पौषात गेलात तर त्या खडकावर लाल लुगडं पसरलेलं दिसतं. पाहुणा हमखास विचारतो, "धुणं वाळत घातलंय का?"

देवळातला सोपान गुरव गालातल्या गालात हसतो. पाहुण्यांना गोष्ट सांगायचं काम त्याच्याकडे वडिलांपासून चालत आलं आहे. "आमच्या कैक पिढ्या त्येच म्हनत हुत्या, पाव्हनं," तो म्हणतो. "बसा."

त्याची गोष्ट तंबाखू मळण्यासाठी वरचेवर थांबते, म्हणून ती इथे एकसलग लिहिली आहे.

असे सांगतात, की हे तळं पाटलांच्या एका पूर्वजाने खणलं. बांध घातला, पूजा घातली, पण पाणी ठरेना. पावसाळ्यात तळं भरे आणि होळीपर्यंत तळाची माती फाटून निघे. कुणा जाणत्याने कौल लावला, की घरची सून दिल्याशिवाय पाणी राहायचं नाही. जाणत्यांना असले कौल नेहमी दुसऱ्याच्या सुनेचेच मिळतात. घरात दोन सुना होत्या. थोरली तानाई, आणि धाकटी, जिला अजून लुगडं नीट सावरता येत नव्हतं अशी पोरसवदा. तानाई आपणहून उठली. पौषातल्या पुनवेला ओटी घेऊन ती पायऱ्या उतरली, आणि गावच्या बाया काठावर उभ्या राहून गायल्या. पाणी पावलाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. गळ्याला लागलं तेव्हा बायांना बघवेना. त्यांनी पाठ फिरवली. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा पाण्यावर नुसती करंजाची पानं तरंगत होती. त्या सालापासून तळं आटलं नाही.

ही झाली बोरजळची गोष्ट, आणि गावाला ती पुरली. तानाईची आठवण म्हणून पाटलांच्या घरची नवी सून आपल्या पहिल्या पौषात गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभी राही. बाया गाणं म्हणत, गळ्याशी थांबत, पाठ फिरवत, आणि हातातली करंजाची डहाळी न बघता मागे पाण्यात टाकत. मग सून एकटीच बाहेर येई. एक सून शेवाळावरून पाय घसरून खरोखरच गेली होती म्हणे. तिचं नाव मात्र गाण्यात कुणी घातलं नाही.

एस.टी. अजून खिंडीच्या तोंडापर्यंतच येई, त्या काळात बोरजळच्या शाळेत रेडेकर बाई बदलून आल्या. बाई अंगाने काटकुळ्या, आवाजाने खणखणीत. त्यांचं म्हणणं असं, की परीक्षेसाठी पाठ केलेल्या सनावळ्या पोरं दुसऱ्या दिवशी विसरतात, पण जत्रेत कुठल्या पालावर काय मिळतं ते जन्मात विसरत नाहीत. तर मग इतिहासाचीच जत्रा का भरवू नये? सातवीच्या प्रत्येक पोराने गावातली एक गोष्ट धरायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून तिचा माग काढायचा, आणि जत्रेच्या दिवशी आपापल्या पालाखाली उभं राहून येईल त्याला ती सांगायची.

गावाला कल्पना आवडली. पोरांना तर इतकी, की आठवडाभर कुणाच्या घरी म्हातारं माणूस निवांत बसलं असेल तर शपथ. दीपमाळेचा वरचा टप्पा कुठे गेला, आठवडी हाट सोमवारचा गुरुवारी का झाला, वेशीतल्या मारुतीचं तोंड वाकडं का, असे एकेक विषय वाटले गेले. दीपमाळेवरून दोघांची मारामारी झाली, तेव्हा बाईंनी एकाला पायथा दिला आणि एकाला शेंडा. पाटलांनी, म्हणजे सुभानराव पाटलांनी, मांडवाचं कापड, वाड्यापुढचं अंगण आणि गूळ-शेंगदाणे द्यायचं कबूल केलं. अट एकच, मधलं पाल तानाईचं. जत्रा पुनवेच्या आदल्या दिवशी ठरली, कारण पुनवेला पाटलांची नवी सून मालन पाण्यात उतरायची होती आणि त्यासाठी चार गावचे पाहुणे आयतेच येणार होते.

मालन दुपारी शाळेत येऊन पताका कापू लागे. सातवी शिकलेली, हाताला कामसू, बोलायला गोड. तिचं माहेर माळरानावरचं. एकदा कात्री चालवता चालवता ती थांबली आणि म्हणाली, "बाई, आमच्याकडं हंड्याला रांग असती. गळ्याइतकं पानी एका जागी म्या लगीन हुईस्तवर बघितलंच न्हवतं." एवढं बोलून ती हसली, पण पताका वाकडीतिकडी कापली गेली होती. बाईंनी ती तशीच दोऱ्याला लावली. रीतभात पाटलांच्या घरची, आपण बाहेरची मास्तरीण. मध्ये पडायचं तोंड नव्हतं.

मधलं पाल बाईंनी सुतारांच्या चंपाला दिलं होतं. ही मुलगी चारचौघांत बोलताना चाचरे, पण गायला लागली की न अडखळता गाई. तिने गावातल्या बायांकडून गाणं गोळा करून आणलं आणि बाईंना म्हणून दाखवलं.

पानी आलं पावलाला, जोडवी गं भिजली,
सासरच्या गावापायी वाट म्या ही धरली.

पानी आलं गुडघ्याला, निरी माझी फुलली,
धाकल्या गं जावंसाठी थोरली म्या निघाली.

पानी आलं कमरंला, वटी माझी सुटली,
तांदळाची रास बाई लाटंवरी फुटली.

पानी आलं गळ्याला, गळसरी तरंगली...

आणि चंपा थांबली.

"पुढची ओळ?" बाईंनी विचारलं.

"न्हाई जी. हितंच ऱ्हातंय."

"अगं, प्रत्येक ओवीला जोड आहे. हिलाच कशी नाही? जा, विचारून ये."

चंपाने घरोघर विचारलं. बायांना हसू आलं. "पुढं काय असनार, पोरी? ती बुडाली. मग गानार कोन?" चंपाची आई सावरमाळची, म्हणजे तळ्याच्या पल्याडची. तिला विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात जरा थबकले. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या आज्जीला इचार," आणि भाकरी तव्यावर टाकली.

म्हणून चंपा आजोळी गेली. परत आली ती धावतच आणि घरीसुद्धा न जाता बाईंच्या खोलीवर. तिने सगळं सांगितलं, गाऊन दाखवलं. बाई ऐकत राहिल्या. ऐकताना त्यांच्या मनात आधी आलं ते मालनचं नाव, आणि मग सुभानरावांचं.

बाई भित्र्या होत्या असं कुणी म्हणू नये, पण त्या रात्री त्या भ्यायल्या होत्या. ज्याच्या मांडवाखाली जत्रा, त्याच्याच कुळाची गोष्ट मोडायची. एवढी सजवलेली जत्रा उधळली तर पोरांची महिन्याची मेहनत मातीत. बरं, ते सावरमाळचं बोलणं खरं कशावरून? त्यांनी एक पळवाट काढली. दुसऱ्या दिवशी चंपाला जवळ बसवून म्हणाल्या, "तू असं कर. गाणं गळ्यापर्यंतच म्हण. बाकीचं आपण पुढल्या वर्षी बघू."

चंपाने मान खाली घातली. बोटाने जमिनीवर रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "पर बाई, मालनवैनी पुढल्या वर्साला कुठं पान्यात जानार हाईत? त्या परवाच जानार."

बाईंना स्वतःची लाज वाटली. त्या म्हणाल्या, "पुरं म्हण."

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी सुभानराव पालं पाहायला आले. दीपमाळ पाहिली, मारुती पाहिला, वाकड्या तोंडाचं कारण ऐकून पोटभर हसले. मधल्या पालापाशी येऊन म्हणाले, "हितं काय?"

"चंपा तानाईचं गाणं म्हणणार," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं. सुभानराव खूश होऊन गेले.

जत्रेला माणूस म्हणाल तर माणूस लोटलं. वाड्याच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नाही. दीपमाळेचा पायथा आणि शेंडा आता एकमेकांची बाजू घेऊन भांडत होते. हाटाच्या पालावर एक पोरगी सांगत होती की हाटाचा वार बदलला तो एका रेड्यामुळे, आणि त्या रेड्याच्या मालकाचा नातू समोर उभा राहून "आमचा न्हवंच त्यो!" म्हणून ओरडत होता. सगळे मजेत होते. मधल्या पालापुढे खुर्ची टाकून सुभानरावांची म्हातारी आई बसली होती. सारा गाव तिला आऊ म्हणे. तिच्यामागे डोक्यावर पदर घेऊन मालन उभी होती, आणि बाजूला, सावरमाळहून मुद्दाम आलेली चंपाची आज्जी, गौराबाई.

चंपा उभी राहिली. पावलाची ओवी झाली, गुडघ्याची झाली, कमरेची झाली. बाया पुटपुटत साथ देत होत्या. "पानी आलं गळ्याला, गळसरी तरंगली," इथे ती आली, आणि अंगणातल्या साऱ्या बायांनी, कुणी न सांगता, जन्माच्या सवयीने पाठ फिरवली. आऊसुद्धा खुर्चीत तिरकी वळली.

रेडेकर बाईंना आयुष्यात कधी विसरता आलं नाही ते हे. एवढीशी पोर, आणि तिच्यापुढे नुसत्या पाठी. चंपाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, आणि चंपा त्या पाठींना उद्देशून पुढचं गाऊ लागली.

करंजाची फांदी बाई हाताला गं लागली.

पानी गेलं कमरंला, धाप माझी बसली,
धुक्यामंदी पल्याडची टेकडी गं दिसली.

पानी गेलं पावलाला, वाट झाली कोरडी,
सावरमाळच्या गं आये, उघड तुझी झोपडी.

कुणाच्या तरी हातातला शेंगदाण्यांचा द्रोण पडला. सुभानराव पुढे आले. "ह्ये काय चाललंय? कुनी शिकवलं ह्ये?"

बाई चंपाच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. "मी पाठवलं तिला विचारायला. खरं-खोटं करायला मी कोण? सावरमाळचे लोक जे सांगतात, ते तिनं आणलंय."

तेव्हा गौराबाई बोलली. ती बोलली फार थोडं, पण एकेक शब्द मांडवाच्या टोकापर्यंत गेला. पल्याडच्या काठावर करंजाचं झाड पाण्यावर ओणवं होतं. त्याची फांदी तानाईच्या हाती आली आणि ती तरली. ओलीचिंब, दातावर दात आपटत सावरमाळला एका कुंभारणीच्या दारात आली. कुंभारणीने तिला आपलं कोरडं लुगडं नेसवलं. तानाई तिथेच राहिली, तिथेच म्हातारी झाली, पुढचं गाणं तिनेच रचलं.

"मग परत का न्हाई आली?" गर्दीतून कुणी विचारलं.

"कशी येईल? ती जित्ती दिसली असती, तर नवस मोडला म्हनून तुमी धाकलीला पाठवली असती. तिनं आमास्नी शपथ घातली, धाकली हाय तवर बोरजळात माझं नाव काढू नगा."

"आन् त्यानंतर? इतक्या पिढ्या? तवा का न्हाई सांगितलं?"

गौराबाईने साऱ्या मांडवाकडे पाहिलं. "कुनी इचारलंच न्हाई की. ही पोर आली, तिनं इचारलं, म्या सांगितलं. आमी तर दर पौषातल्या पुनवंला तिच्यासाटनं खडकावर कोरडं लुगडं ठेवतोच. तुमास्नी दिसत न्हवतं व्हय?"

चंपाची आई मागे उभी होती. सासरी आल्यावर सासरचंच गाणं म्हणायचं, या रीतीने तिने इतकी वर्षं अर्धंच गाणं म्हटलं होतं. ती आता पदराने डोळे पुसत होती.

सुभानराव काही बोलणार, तोच खुर्ची करकरली. आऊ उठली होती. पाठ फिरवलेली आऊ सगळ्यांत आधी वळली, असे सांगतात, आणि ती वळलेली पाहून एकेक करून बाकीच्या वळल्या.

"लुगडं म्या बघितलंय," आऊ म्हणाली. "माझ्या पैल्या पौषात पानी हनुवटीला लागलं हुतं. समद्या बायांनी पाठ फिरवली, आन् समोर त्ये लाल दिसलं. मला वाटलं, मला न्यायालाच कोन आलंय. त्या भ्यानं म्या जलमभर तळ्यावर गेले न्हाई." तिच्या तोंडावर हसू आणि रडू एकाच वेळी आलं. "आन् त्ये नेसवायला आल्यालं हुतं गं, बाई!"

"आऊ, पर तळं?" सुभानरावांचा आवाज उतरला होता. त्यांचं भय खोटं नव्हतं. गावची सगळी शेती त्या पाण्यावर. "उद्या मालन उतरली न्हाई आन् तळं आटलं तर गाव मला जाब इचारल."

"आरं खुळ्या, तानाई गेली पल्याड. तिनं तिकडं म्हातारपन काढलं. आन् पानी? त्ये तर हितंच ऱ्हायलं की. तळ्यानं तानाईचा जीव कवा घेतलाच न्हवता, तर त्यो परत मागंल कशापायी?"

सुभानरावांनी डोक्यावरचा फेटा काढला, तोंड पुसलं, आणि त्यांच्या छातीतून असा सुस्कारा निघाला, की जणू पिढ्यान् पिढ्या मानेवर ठेवलेलं जू कुणीतरी उतरवून घेतलं. आपल्या घराण्याने आपल्याच सुनेचा जीव घेतला, हे त्या घरात मानाचं म्हणून सांगत. पण रात्री दिवा मालवल्यावर ते कुणाला मान वाटत नसे. तानाई मेली नव्हती. त्यांच्या हातून ते घडलंच नव्हतं. ते मालनकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, उद्याच्याला पान्यात जायाचं न्हाई."

मालन मटकन खाली बसली. रेडेकर बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटल्या. गावकऱ्यांना वाटलं, मास्तरणीला बाधा झाली. इतका हलकेपणा आपल्याला पुन्हा कधी वाटला नाही, असं बाई पुढे निवृत्त होईपर्यंत सांगत.

दुसऱ्या दिवशी बायांच्या हाती तळ्यावर पाठवायची म्हणून आऊने करंजाची डहाळी आधीच तोडून ठेवली होती. ती तिने चंपाच्या हातात दिली. "ही आता पान्याला नगं. तू ठेव." आणि पुनवेच्या सकाळी मालन पायऱ्या उतरली नाही. ती काठाकाठाने, टेकडीच्या पायवाटेने, कोरड्या पावलांनी पल्याड गेली. सोबत साऱ्या बाया होत्या, आणि पुढे काठी टेकत आऊ. म्हातारी त्या पहिल्या पौषानंतर प्रथमच तळ्याकडे तोंड करून चालत होती. खडकावरचं लाल लुगडं गौराबाईने उचललं आणि मालनच्या खांद्यावर घातलं.

तळं आटलं नाही. पुढे दुष्काळ आला, तेव्हा आजूबाजूच्या विहिरी कोरड्या पडल्या, आणि तळ्यात पाणी होतं. जाणत्यांनी त्याचंही कारण काढलं असेल. गावाने त्यांना विचारलं नाही.

आजही बोरजळच्या शाळेत दर पौषात इतिहासाची जत्रा भरते. तिची तयारी दिवाळीनंतर सुरू होते, दीपमाळेवरून अजूनही मारामारी होते. तिथे एक नियम आहे: आपल्या गोष्टीसाठी पोराने निदान एकदा तरी गावाबाहेर जाऊन कुणाला तरी विचारून आलं पाहिजे. त्याशिवाय त्याला पाल मिळत नाही. आणि ऐकणाऱ्याला वाटलं, की आपण इतके दिवस जे धरून बसलो होतो ते या पोराने सोडवलं, तर तो करंजाची डहाळी आणून त्या पालावर ठेवतो. ज्या पालावर डहाळ्या जास्त, त्या पोराची आई त्या दिवशी मांडवात फार ताठ चालते.

शेवटी सगळी जत्रा तळ्याच्या पायऱ्यांवर येते. बोरजळची पोरं आणि बाया गाणं म्हणतात. पावलाला, गुडघ्याला, कमरेला. "पानी आलं गळ्याला, गळसरी तरंगली," एवढं म्हणून सगळे थांबतात. कुणी पाठ फिरवत नाही. सगळे पल्याड बघत उभे राहतात. पाहुणे गोंधळतात, काय झालं म्हणून विचारू लागतात, तेव्हा सोपान गुरव त्यांना हाताने गप्प करतो.

मग पाण्यावरून, त्या काळ्या खडकापासून, सावरमाळच्या पोरांचा आवाज येतो:

करंजाची फांदी बाई हाताला गं लागली.